रायपूरचे कर्मयोगी पंडित माधवराव सप्रे

रायपूर नगराच्या उत्तरेस, बिरगावच्या शेजारी, उरला नावाचे गाव आहे. एके काळी ते एक साधे खेडे होते. गेल्या चार-पाच दशकांत तेथे लोखंड-पोलादाचे व इतर मालाचे कारखाने उभे राहिले आणि भारताच्या चारी दिशांनी माणसे पोटासाठी येऊन तेथे स्थिरावली. छत्तीसगढी बोलणारा शेतकऱ्याचा मुलगा, ओडिशातून आलेला मजूर, बिहारकडील कारागीर आणि विदर्भातील मराठी कारकून हे आज तेथे एकाच भिंतीच्या दोन्ही अंगांना राहतात. एका घरी छठीच्या व्रताचे सूप सजते, दुसऱ्या घरी गणपती बसतो. कोणी सतनामी बांधव जैतखांबावर पांढरी ध्वजा चढवितो, कोणाकडे कबीरपंथाची चौका-आरती होते, कोणी शुक्रवारी मशिदीची वाट धरतो.

अशा वस्तीत संसार करणाऱ्या गृहस्थापुढे एक प्रश्न रोज उभा राहतो. आपल्या घरची भाषा, आपले कुलाचार, आपल्या संतांची वाणी यांना घट्ट धरून राहावे, तर शेजाऱ्यापासून आपण तुटू असे वाटते. शेजाऱ्याशी एकरूप व्हावे, तर मुलाबाळांच्या हातून वडिलार्जित ठेवा निसटेल अशी धास्ती वाटते. पहिल्या भयाच्या आहारी गेलेला माणूस मुळावेगळा होतो आणि दुसऱ्या भयाच्या आहारी गेलेला माणूस आपल्याच घराची कवाडे लावून बसतो. हा प्रश्न रायपुराला नवा नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच नगरीत एका मराठी गृहस्थाने तो आपले आयुष्य वेचून सोडविला. त्यांचे नाव पंडित माधवराव सप्रे. हिंदी जगताला ते नाव पूज्य आहे. मराठी घरांत मात्र ते फारसे उच्चारले जात नाही. म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात निवेदन करीत आहोत.

चरित्रापूर्वी त्यांच्या कर्मभूमीकडे दृष्टी टाकणे अवश्य आहे. छत्तीसगढ ही भूमी पहिल्यापासून अनेक प्रवाहांना सामावून घेत आली आहे. महानदीच्या तीरावरील सिरपूर येथे विटांचे प्राचीन लक्ष्मणमंदिर आहे आणि त्याच परिसरात बौद्ध विहारांचे अवशेषही आहेत. राजिमजवळील चंपारण्य हे श्रीवल्लभाचार्यांचे जन्मस्थान म्हणून वैष्णवांना वंद्य आहे. धर्मदासांच्या परंपरेतील कबीरपंथाचे पीठ दामाखेडा येथे आहे. गिरौदपुरी येथे १७५६ साली जन्मलेल्या गुरू घासीदासांनी सत्यनामाचा उपदेश करून सर्व माणसे समान असल्याचे सांगितले. रायपुरातच रामानंदी वैष्णवांचा दूधाधारी मठ आहे. मराठ्यांचा प्रवेश येथे १७४१ साली नागपूरकर भोसल्यांच्या स्वारीने झाला. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपुराहून या प्रदेशाचा कारभार पाहिला. दसऱ्याला सोने वाटण्याची चाल तिकडे बिंबाजींच्या काळापासून रूढ झाली, असे आजही सांगतात. १८५४ साली नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, पण मराठी घराणी तेथेच राहिली. १८६१ साली निर्माण झालेल्या मध्यप्रांतात हिंदी आणि मराठी जिल्हे एकाच सत्तेखाली नांदत होते आणि राजधानी नागपूर होती. अशा दुभाषी प्रांतात माधवरावांचा जन्म झाला.

दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी १९ जून १८७१ रोजी ते जन्मले. पित्याचे नाव कोंडोपंत आणि मातेचे लक्ष्मीबाई. घरी मराठी, अंगणाबाहेर हिंदी, अशी त्यांची बालपणीची स्थिती होती. घरची परिस्थिती बेताचीच. वडीलबंधू बाबूराव बिलासपुरास असल्याने कुटुंब लवकरच तिकडे गेले आणि माधवरावांचे आरंभीचे शिक्षण तेथे झाले. पुढील शिक्षणासाठी ते रायपूरच्या सरकारी हायस्कुलात आले. तेथे नंदलाल दुबे नावाचे गुरुजी त्यांना लाभले. हिंदीविषयीचा त्यांचा अनुराग या गुरुजींच्या सहवासात वाढला. मराठी मुलाच्या मनात हिंदी भाषेविषयी जिव्हाळ्याचे बीज अशा रीतीने एका शिक्षकाच्या प्रेमाने पेरले गेले. भाषांचे स्नेह बहुधा असेच जडतात. आज्ञा करून ते जडत नाहीत.

पुढे जबलपूर आणि ग्वाल्हेर येथे शिकून त्यांनी एकोणिसावे शतक संपता संपता कलकत्ता विद्यापीठाची बी. ए. ही पदवी मिळविली. त्या काळी पदवीधर तरुणाला सरकारी नोकरी सहज मिळे. घरात पैसा आणि समाजात मान दोन्ही येत. दारिद्र्य जवळून पाहिलेल्या या तरुणाने ती वाट नाकारली. बिलासपूरकडील पेंड्रा येथील जमीनदारांच्या राजकुमाराला शिकविण्याचे काम त्यांनी पत्करले आणि त्या तुटपुंज्या प्राप्तीच्या आधारावर एका मोठ्या कार्यास हात घातला.

जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघाले. छत्तीसगढातील नियतकालिकांचा इतिहास तेथून सुरू होतो असे मानतात. संपादनात माधवरावांचे सहकारी होते रामराव चिंचोलकर आणि प्रकाशनाची जबाबदारी उचलली वामन बळीराम लाखे यांनी. तिन्ही नावे वाचकांनी पुन्हा एकदा लक्षपूर्वक पाहावीत. छत्तीसगढचे नाव शिरावर धारण करणारे ते पहिले हिंदी मासिक तीन मराठी मातृभाषिकांनी चालविले. त्याचे पहिले अंक रायपूरच्या कय्यूमी छापखान्यात छापले गेले, ज्याचे नाव अरबी भाषेतील एका ईश्वरनामावरून आले आहे. पुढे छपाई नागपूरच्या देशसेवक छापखान्यात होऊ लागली. मराठी हातांनी लिहिलेले हिंदी शब्द कय्यूमी नावाच्या यंत्रावर छापून छत्तीसगढच्या खेड्यापाड्यांत जात होते. आणि यात काही नवल आहे असे त्या काळच्या लोकांना बहुधा वाटलेही नसेल. ज्या ठिकाणी एखादे चांगले कार्य सर्वांना मिळून करावयाचे असते, तेथे भेदाची चर्चा आपोआप मागे पडते.

त्या मासिकात पुस्तकांचे परखड पण न्यायबुद्धीने केलेले परीक्षण येई. हिंदीत ग्रंथसमीक्षेचा पद्धतशीर पाया घालणाऱ्यांत माधवरावांची गणना होते ती याच कामामुळे. त्याच मासिकात १९०१ साली त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटी कथा प्रसिद्ध झाली. हिंदीतील पहिली लघुकथा हीच, असे अनेक अभ्यासक मानतात. कथेचा आशय असा आहे. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवावयाचे असते आणि मध्ये एका अनाथ विधवेची झोपडी येते. तो कायद्याच्या बळावर झोपडी ताब्यात घेतो. वृद्धा येऊन एवढेच मागते की, झोपडीतील टोपलीभर माती नेऊ द्यावी. त्या मातीची चूल केली म्हणजे तिची रुसलेली नात घरच्या चुलीची भाकरी समजून जेवेल. माती भरल्यावर टोपली उचलावयास ती जमीनदाराचाच हात मागते आणि त्या बलवान माणसाला ती टोपली उचलत नाही. टोपलीभर मातीचा भार जर पेलत नाही, तर साऱ्या झोपडीच्या मातीचा भार जन्मभर कसा पेलणार, हा तिचा साधा प्रश्न त्याच्या अंतःकरणाला भिडतो आणि तो झोपडी परत देतो. दुसऱ्याच्या जागेवर, मग ती जमिनीची असो की मानाची, बळाने हक्क सांगणाऱ्या प्रत्येकाने ही कथा वाचावी अशी आहे.

सत्कार्याला द्रव्याची साथ नेहमीच मिळते असे नाही. ग्राहक थोडे, तोटा मोठा, अशा स्थितीत तीन वर्षे झुंजून १९०२ च्या अखेरीस ते मासिक बंद पडले. माधवराव खचले नाहीत. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने शास्त्रीय परिभाषा सिद्ध करण्याचे काम हाती घेतले होते, त्यातील अर्थशास्त्राच्या शब्दांचे काम त्यांनी केले. नंतर नागपुरास राहून १९०६ साली त्यांनी ‘हिंदी ग्रंथमाला’ सुरू केली. स्वदेशीच्या चळवळीचा तो काळ होता. स्वदेशी आणि बहिष्कार या विषयावरील त्यांचे पुस्तकही याच सुमारास निघाले आणि पुढे सरकारने ते जप्त केले.

महाराष्ट्रात तेव्हा लोकमान्य टिळकांचा ‘केसरी’ गर्जत होता. त्यातील विचार मराठी न जाणणाऱ्या कोट्यवधी जनांपर्यंत कसे न्यावेत हा प्रश्न होता. माधवरावांनी लोकमान्यांच्या संमतीने १३ एप्रिल १९०७ रोजी नागपुराहून ‘हिंदी केसरी’ हे साप्ताहिक सुरू केले. येथे त्यांच्या जीवनाचा धागा प्रथम स्पष्ट दिसतो. मराठीत जे उत्तम आहे ते मराठीपुरते राहू नये, आणि ते हिंदीत न्यावयाचे तर हिंदी वाचकाच्या मनात शिरून न्यावे, हे त्यांनी आपले काम मानले. पत्राचा प्रसार वेगाने झाला आणि सरकारची वक्रदृष्टीही तितक्याच वेगाने वळली.

२२ जुलै १९०८ रोजी लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी ब्रह्मदेशात मंडालेस झाली. बरोबर एका महिन्याने, २२ ऑगस्ट १९०८ रोजी, माधवरावांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. येथे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग आला. प्रकृती नाजूक, घर निराधार, आणि वडीलबंधूंचा व आप्तांचा काकुळतीचा आग्रह. तीन महिन्यांच्या आतच माधवरावांनी माफीपत्रावर सही केली आणि नोव्हेंबरमध्ये ते सुटून बाहेर आले.

चरित्रलेखकाने हा प्रसंग झाकू नये. आणि माधवरावांनीही तो कधी झाकला नाही. ज्यांच्या पत्राचे नाव त्यांनी आपल्या पत्राला दिले होते ते लोकमान्य मंडालेत बंदिवास भोगीत होते आणि आपण मात्र घरी सुखरूप आहोत, ही जाणीव त्यांना जाळू लागली. अनेकांनी तोंड फिरविले. दुसरा कोणी असता तर त्याने परिस्थितीची साक्ष काढून स्वतःचे समर्थन केले असते, किंवा कायमचा हताश झाला असता. माधवरावांनी तिसरी वाट धरली. कोणावरही दोष न ठेवता त्यांनी सार्वजनिक जीवनातून अंग काढून घेतले आणि अंतर्मुख होऊन प्रायश्चित्ताचा मार्ग शोधला.

तो मार्ग त्यांना वर्ध्याजवळ हनुमानगडावर सापडला. तेथे श्रीधर विष्णू परांजपे या रामदासी सत्पुरुषांचा त्यांना सहवास लाभला. त्यांच्या आज्ञेने पदवीधर, संपादक, एका प्रांताला ठाऊक असलेला हा मनुष्य झोळी घेऊन मधुकरी मागू लागला. दिवसा भिक्षा, आणि उरलेला सर्व वेळ श्रीसमर्थ रामदासांच्या दासबोधाची पारायणे व मनन. मधुकरीचा अर्थ आपल्या वाचकांना सांगावयास नको. जो दारोदार हात पसरतो त्याच्या अहंकाराला उभे राहावयास जागा उरत नाही. आपली भाकरी दुसऱ्याच्या चुलीवर भाजली जाते, हे ज्ञान त्याला पुस्तकातून मिळवावे लागत नाही.

या तपश्चर्येतून जे फळ आले ते सर्व हिंदी जगताच्या उपयोगी पडले. माधवरावांनी दासबोधाचा हिंदी अनुवाद सिद्ध केला. हे काम वाटते तितके सोपे नव्हते. मराठी आणि हिंदी या एकाच संस्कृत आईच्या लेकी असल्या, तरी त्यांच्या संसारात तेच शब्द वेगळे अर्थ धारण करतात. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. हिंदीत शिक्षा म्हणजे विद्याभ्यास. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत संसार म्हणजे घरगृहस्थी; हिंदीत संसार म्हणजे अवघे जग. समर्थांच्या उपदेशाचा कणाच मुळी प्रपंच आणि परमार्थ यांची सांगड हा आहे. आणि प्रपंच हा शब्द मराठी गृहस्थाला घरासारखा आपलासा वाटतो, तर हिंदी भाषिकाच्या कानाला त्यात कपटाचा वास येतो. अशा शेकडो खाचखळग्यांतून वाट काढणाऱ्या अनुवादकाला दोन्ही घरांत सारखेच राहावे लागते. एका घराची ओळख पुसली तरी अनुवाद फसतो आणि दुसऱ्या घराविषयी परकेपणा उरला तरी फसतो.

उरल्यासारख्या वस्तीत शेजाऱ्या-शेजाऱ्यांत जे गैरसमज होतात, त्यांपैकी पुष्कळांचे मूळ हेच असते. शब्द तोच, चाल तीच, पण अर्थ निराळा. एका घरी जे आदराचे लक्षण, ते दुसऱ्या घरी दुराव्याचे वाटते. रागावण्यापूर्वी अर्थ विचारावा, एवढी सवय लागली तरी निम्मे तंटे उंबऱ्यावरच विरून जातील.

जून १९१४ मध्ये लोकमान्य मंडालेहून सुटून आले. कारावासात, १९१०-११ च्या हिवाळ्यात, त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहून काढले होते; तो ग्रंथ १९१५ साली मराठीत प्रसिद्ध झाला. आता हा ग्रंथ हिंदीत कोणी न्यावा? तो मान माधवराव सप्रे यांच्याकडे आला आणि त्यांचा हिंदी अनुवाद १९१६ साली लोकमान्यांनीच प्रसिद्ध केला. या घटनेचे मोल वाचकांनी जाणावे. लोकमान्य न झुकता सहा वर्षे बंदिवासात राहिले. माधवराव तीन महिन्यांत झुकून बाहेर आले. त्या बंदिवासात जन्मलेला ग्रंथ हिंदी भाषिकांच्या ओंजळीत घालण्याचे काम मात्र त्याच माधवरावांच्या हातून झाले. एकाने दुसऱ्याच्या दुबळ्या क्षणावरून त्याचे सारे जीवन मोजले नाही आणि दुसऱ्याने आपल्या लज्जेला कर्तव्याच्या आड येऊ दिले नाही. कर्मयोगाचे विवेचन करणाऱ्या ग्रंथाला याहून योग्य अनुवादक कोणता मिळाला असता? पडल्यावर फळाची आशा सोडून पुन्हा कामाला लागणे म्हणजे काय, हे माधवरावांनी स्वतःच्या देहावर अनुभविले होते.

त्या अनुवादाने गीतारहस्य उत्तर भारतातील असंख्य घरांत पोहोचले. पुढे चिंतामण विनायक वैद्य यांच्या महाभारतविषयक मराठी ग्रंथाचा अनुवादही माधवरावांनी केला आणि तो ‘महाभारत मीमांसा’ या नावाने १९२० साली प्रसिद्ध झाला. सज्जनगडचे समर्थ, पुण्याचे टिळक, मुंबई-पुण्याकडील वैद्य या तिघांना त्यांनी हिंदी घरांत नेऊन बसविले. सातशे वर्षांपूर्वी श्रीनामदेव महाराज पंजाबपर्यंत गेले आणि त्यांची पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात समाविष्ट झाली. तीच वाट माधवरावांनी आपल्या काळाला अनुरूप अशा रीतीने, लेखणी आणि छापखाना घेऊन चालली.

ग्रंथकार्यात गढूनही ते समाजाच्या गरजा विसरले नाहीत. १९११ च्या सुमारास रायपुरात त्यांनी जानकीदेवी महिला पाठशाळा सुरू केली. मुलींना शाळेत पाठविणे बहुसंख्य घरांत अजून संशयाचे वाटत होते, तेव्हाची ही गोष्ट आहे. १७ जानेवारी १९२० रोजी जबलपुराहून ‘कर्मवीर’ हे साप्ताहिक निघाले. ते निघावे म्हणून माधवरावांनी पुष्कळ खटपट केली. संपादकाचे आसन मात्र तरुण माखनलाल चतुर्वेदी यांना दिले. चतुर्वेदी पुढे हिंदीचे थोर कवी झाले आणि माधवरावांचे ऋण त्यांनी आयुष्यभर मानले. असहकाराच्या काळात रायपुरात राष्ट्रीय शिक्षणाचे कार्य उभे राहिले, त्यातही माधवरावांचा आणि त्यांचे जुने सहकारी लाखे यांचा हात होता. स्वतः मागे राहून दुसऱ्याला पुढे करावयाचे, हा नियम हनुमानगडानंतर त्यांच्या जीवनात सतत आढळतो.

१९२४ साली डेहराडून येथे भरलेल्या अखिल भारतीय हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. हिंदी भाषिकांच्या सर्वोच्च साहित्यसभेने एका मराठी मातृभाषिकाला आपला प्रमुख म्हणून आदराने बसविले. त्यांच्या घरात मराठी होती, उपासना रामदासी होती. हिंदीची सेवा करण्यासाठी त्यांनी यांपैकी काहीच सोडले नव्हते आणि ते सोडावे असे हिंदी जगानेही कधी मागितले नाही. यानंतर दोनच वर्षांनी, २३ एप्रिल १९२६ रोजी, रायपुरात त्यांचे देहावसान झाले. त्यांचे वय पंचावन्न वर्षेही पुरे झाले नव्हते. रायपुरातील एक जुनी शाळा त्यांच्या नावाने चालते. भोपाळ येथे १९८४ साली स्थापन झालेले, जुन्या वृत्तपत्रांचा मोठा संग्रह जपणारे संग्रहालयही त्यांचेच नाव धारण करते.

माधवरावांच्या कार्याला मर्यादा होत्या हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. त्यांनी मुख्यतः भाषेची दरी सांधली. भाषेची दरी ओलांडण्यास अभ्यास पुरतो. जातीची आणि पंथाची दरी ओलांडण्यास त्याहून अधिक काही लागते. त्यांच्याच काळात, त्यांच्याच प्रदेशात, राजिमचे पंडित सुंदरलाल शर्मा ती दुसरी दरी सांधण्यासाठी झटत होते. सतनामी आणि इतर दूर लोटलेल्या बांधवांना मंदिराची द्वारे खुली व्हावीत म्हणून त्यांनी स्वजनांचा रोष पत्करला. १९२५ साली राजिमच्या राजीवलोचन मंदिराच्या प्रवेशासाठी त्यांनी जो प्रयत्न केला तो छत्तीसगढ विसरलेला नाही. एकाच भूमीतील या दोन ब्राह्मणांची कार्ये शेजारी ठेवून पाहिली म्हणजे आपल्यापुढचे काम किती आहे ते कळते. शेजाऱ्याची भाषा शिकणे हा आरंभ आहे. त्याला आपल्या बरोबरीने आपल्या ओट्यावर बसविणे हा त्याचा पुढचा भाग आहे आणि तो अजून पुरा झालेला नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. वेगवेगळ्या दिसणाऱ्या भूतमात्रांत एकच अविनाशी तत्त्व पाहणारे ज्ञान ते सात्त्विक. ते वेगळेपण हेच अंतिम सत्य मानणारे ज्ञान राजस. एकाच तुकड्याला सर्वस्व समजून त्याला अविचाराने कवटाळणारे ज्ञान तामस. यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, सात्त्विक ज्ञान भूतांचे वेगळेपण नाहीसे करू पाहत नाही. ती वेगवेगळी राहतात आणि त्यांच्यात एकत्व दिसते. मराठीला मराठी ठेवून आणि हिंदीला हिंदी ठेवून दोहोंतून एकच अर्थ वाहता करणाऱ्या माधवरावांचे काम याच दृष्टीचे होते. आपले सोडून दुसऱ्याचे धरणारा माणूस काही देऊ शकत नाही, कारण त्याची ओंजळ रिकामी असते. आपलेच कवटाळून बसणाराही काही देऊ शकत नाही, कारण त्याची मूठ मिटलेली असते. माधवरावांची ओंजळ भरलेली होती आणि उघडी होती.

आज उरल्यात, भिलाईत, नागपुरात, सुरतेत किंवा कोणत्याही औद्योगिक नगरात राहणाऱ्या गृहस्थाला यातून काय घेता येईल? मोठी गोष्ट सांगण्याचे कारण नाही. घरी सायंकाळी दिवा लावल्यावर मुलांशी आपल्या भाषेत बोलावे. हरिपाठ, मनाचे श्लोक, आपल्या कुळाची स्तोत्रे त्यांच्या कानांवर पडू द्यावीत. ज्या मातीत आपण अन्न खातो त्या मातीची बोली त्यांना आनंदाने शिकू द्यावी आणि आपणही शिकावी. शेजारच्या घरी सण असेल त्या दिवशी तो काय आहे, कशासाठी आहे, हे त्यांच्याच तोंडून ऐकावे. आपल्या घरचा प्रसाद देताना त्याचा अर्थ त्यांच्या भाषेत सांगता येईल एवढी तयारी ठेवावी. कोणाकडून एखादे वेळी चूक झाली, कोणी भयाने वा मोहाने पाय मागे घेतला, तर त्याच्या एका क्षणावरून त्याच्या साऱ्या जातीचे, भाषेचे किंवा धर्माचे मोजमाप करू नये. त्याला पुन्हा कामावर उभे राहण्यास जागा द्यावी.

माधवरावांना अशी जागा मिळाली म्हणून गीतेवरील एक थोर मराठी ग्रंथ हिंदी वाचकांच्या घरी पोहोचला. ज्यांच्या देवघरात आजही गीतारहस्याची ती हिंदी प्रत असेल, त्यांनी ती उघडताना रायपूरच्या त्या मधुकरी मागणाऱ्या संपादकाचे क्षणभर स्मरण करावे.